बांधावरची माणसे

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पाने लुटायची आणि घरी येऊन ओवाळून घ्यायचे. एके काळी मराठ्यांच्या फौजा याच मुहूर्तावर मुलूखगिरीला बाहेर पडत. फौजा गेल्या, मुलूखगिरी गेली, पण मुहूर्त आपण सोडला नाही. सीमा ओलांडण्याचा असा थाटाचा उत्सव आपल्याकडे आहे. परंतु सीमेपाशी येऊन थांबण्याचा, किंबहुना तेथून दोन पावले मागे सरण्याचा उत्सव कोठे होत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मागे सरण्यात कसला आला आहे पराक्रम, असेच कोणीही म्हणेल. लहानपणी मीही तसेच म्हणत असे. माझे मत बदलले ते आमच्या गावच्या हवालदार आबांमुळे, आणि पुढे त्यांनी सांगितलेल्या गोष्टीचा इतिहास मी धुंडाळू लागलो त्यामुळे. यंदा फराळाच्या ताटाशेजारी वाचकांपुढे ठेवायला माझ्यापाशी ही एवढीच गोष्ट आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. घरटी एक माणूस पलटणीत. माझे वडील आणि त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, यांची शेते एकमेकांना लागून होती, आणि दोहोंमध्ये एक बांध होता. शेतकऱ्याच्या घरात ज्यांचा जन्म गेला त्यांना बांध म्हणजे काय हे सांगायला नको. तो हातभर रुंदीचा उंचवटा कोणाचाच नसतो आणि म्हणूनच दोघांचाही जीव त्याच्यावर असतो. नांगराचा फाळ दर साली बोटभर आत घालायचा, याला आमच्याकडे बांध कोरणे म्हणतात. दोन्हीकडून असा कोरत कोरत आमचा बांध एवढा बारीक झाला की त्याच्यावरून शेळी चालली तरी तोल जावा. मग एक दिवस तो नाहीसाच झाला आणि त्याच्या जागी कुऱ्हाडी आल्या. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. तात्यांच्या कपाळातून आलेले रक्त आणि दारात ऊर बडवीत उभी राहिलेली आजी मला अजून दिसते.

तालुक्याच्या कोर्टात फिर्याद गेली. तारखा पडू लागल्या. तेव्हा हवालदार आबा एका सकाळी दोघांच्या मधोमध, वावरात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मोजणी कुणाचीबी बरोबर असंल. मला त्याच्याशी काय करायचं न्हाई. दोघंबी दोन दोन हात मागं सरा. मधल्या चार हातांत कुणी नांगर घालायचा न्हाई, बैल बांधायचा न्हाई, गवतबी कापायचं न्हाई. कोरियात आम्ही हेच राखत बसलो हुतो." कोरिया म्हणजे काय हे त्या वावरात कोणालाच ठाऊक नव्हते. पण आबांचा आवाज पलटणीतला होता. चार हातांची पट्टी सुटली.

आता हा कोरिया काय प्रकार होता ते पाहू.

१९४५ च्या ऑगस्टात जपान शरण येण्याच्या बेतात होता. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात. उत्तरेकडून रशियन फौजा शिरत होत्या आणि अमेरिकन फौजा अद्याप दूर होत्या. जपानी सैन्याची शरणागती कोणी कोठपर्यंत घ्यायची हे ठरविण्याचे काम वॉशिंग्टनमध्ये एका मध्यरात्री दोन अधिकाऱ्यांवर येऊन पडले. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील ही त्यांची नावे. यांतील रस्क पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. दोघांनाही कोरियाची विशेष माहिती नव्हती. हाताशी नॅशनल जिऑग्राफिक मासिकाचा नकाशा होता आणि वेळ होता अर्ध्या तासाचा. त्यांनी अडतिसावे अक्षवृत्त पाहिले आणि येथे रेघ मारावी असे सुचविले. राजधानी सोल दक्षिणेत राहावी एवढाच त्यांचा हिशेब. रशियानेही ती रेघ बिनतक्रार मान्य केली. ना नदी, ना डोंगर, ना कोणा राजाची जुनी सरहद्द. हजारो वर्षांचे एक राष्ट्र अर्ध्या तासात दुभंगले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही नुसती रेघ होती, तिला रुंदी नव्हती. एका पावलावर एक राज्य आणि दुसऱ्या पावलावर दुसरे. आमच्या कोरून संपलेल्या बांधासारखीच तिची गत झाली. चार-पाच वर्षे चकमकी होत राहिल्या आणि २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ती ओलांडून दक्षिणेत उतरल्या. पुढे अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रसंघाचे सैन्य आले, ते चीनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन भिडले, मग चीनचे सैन्य आले आणि लढाई पुन्हा दक्षिणेकडे सरकली. नऊ महिन्यांत सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेले. लाखो माणसे मेली. आणि एवढे झाल्यावर दोन्ही सैन्ये जेथे येऊन रुतली ती जागा जुन्या रेघेपासून फारशी लांब नव्हती!

१० जुलै १९५१ रोजी केसाँग येथे बोलणी सुरू झाली, आणि त्या साली शरदात ती पानमुनजोम नावाच्या खेड्यापाशी हलली. मधली रेषा कोणती धरावी यावर काही महिने गेले. अडतिसाव्या अक्षवृत्तावर परत जावे असे एक पक्ष म्हणे. सैन्ये आज जेथे समोरासमोर उभी आहेत तीच रेषा धरावी असे दुसरा म्हणे. नोव्हेंबरात दुसरे म्हणणे मान्य झाले. आता युद्ध संपेल असे सर्वांना वाटले. परंतु ते त्यानंतर आणखी वीस महिने चालले, आणि ते कशापायी? जमिनीपायी नव्हे, तर कैद्यांपायी.

प्रश्न असा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेच्या ताब्यात असलेल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांपैकी हजारोंनी आपल्याला घरी परत जायचे नाही असे सांगितले होते. युद्ध संपले की सर्व कैदी परत करावे असा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा दंडक. पण कैदीच जात नाही म्हणाला तर? त्याला बळजबरीने धाडायचे, की त्याच्या मनाला मान द्यायचा? आणि त्याचे हे म्हणणे खरोखर त्याचे, की पाठीमागे सोटा घेऊन उभा असलेल्या कोणाचे, हे ओळखायचे कसे? या प्रश्नावर दोन महासत्ता अडून बसल्या असता रोज माणसे मरत होती.

१९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी जो ठराव मांडला त्यात या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न होता. परत जाऊ न इच्छिणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या हवाली करावे आणि कोणाचाही धाक नाही अशा जागी त्यांना पुन्हा विचारावे, हा त्याचा गाभा. आरंभी चीन आणि रशिया या दोघांनीही तो झिडकारला. पण पुढल्या वर्षी वारे फिरले आणि अखेर जी तडजोड झाली ती याच धर्तीची झाली. २७ जुलै १९५३ रोजी सकाळी दहा वाजता पानमुनजोम येथे दोन सेनाधिकारी आत आले, आपापल्या टेबलाशी बसले, कागदांवर सह्या केल्या आणि हात न मिळवता, शब्द न बोलता निघून गेले. हा सारा सोहळा दहा-बारा मिनिटांचा. त्याच रात्री दहा वाजता तोफा थांबल्या.

त्या करारानुसार दोन्ही सैन्ये त्या रेषेपासून प्रत्येकी दोन किलोमीटर मागे सरली. मधे उरली ती चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब, समुद्रापासून समुद्रापर्यंत पोहोचणारी निर्लष्करी पट्टी. मधल्या रेषेवर बाराशेहून अधिक खुणेच्या पाट्या ठोकल्या गेल्या. तेथे कोणतेही शत्रुत्वाचे कृत्य करावयाचे नाही, आणि एका बाजूची हजारांहून अधिक माणसे एका वेळी तेथे असावयाची नाहीत, असे करारात लिहिलेले आहे. पट्टी कशासाठी, तर लहानसहान चकमकीतून पुन्हा युद्ध भडकू नये यासाठी. आमच्या हवालदार आबांनी चार हात मोकळे सोडले ते याच कलमाच्या आधारे, फक्त त्यांना कलमाचा आकडा ठाऊक नव्हता!

कैद्यांसाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे एक मंडळ नेमण्यात आले. स्वीडन आणि स्वित्झर्लंड ही एका बाजूच्या पसंतीची, पोलंड आणि झेकोस्लोव्हाकिया ही दुसऱ्या बाजूच्या पसंतीची, आणि अध्यक्ष भारत. मंडळाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले. प्रत्यक्ष कैदी सांभाळण्यासाठी मात्र फक्त भारताचे सैन्य असावयाचे होते. या सुमारे सहा हजार सैनिकांच्या दलाचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. थिमय्या आणि थोरात हे जुने जोडीदार. १९४५ साली ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर काँगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधल्या दोन पलटणी त्यांनी लढविल्या होत्या आणि दोघांनाही तेथे डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले होते. ज्यांनी उत्तम लढाई केली त्यांनाच न लढण्याचे काम सोपविण्यात आले, हे मला मोठे मार्मिक वाटते. या दलात जाट, डोग्रा, गढवाली आणि राजपुताना रायफल्सच्या पलटणींबरोबर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजे मराठा पलटण होती, आणि महार रेजिमेंटची मशीनगन तुकडी होती. त्या मराठा पलटणीत आमचे आबा तेव्हा साधे शिपाई होते.

या मंडळींचे स्वागत कसे झाले ते ऐका. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हा युद्धविरामच मान्य नव्हता. त्यावर त्यांच्या सरकारची सहीदेखील नाही. १९५३ च्या जूनमध्ये त्यांनी सुमारे सत्तावीस हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून देऊन सारी बोलणी उधळण्याचा प्रयत्न केला होता. भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा इंचॉन बंदरात आलेल्या आपल्या जवानांना जहाजावरूनच अमेरिकन हेलिकॉप्टरांत बसवून थेट त्या मधल्या पट्टीत नेऊन उतरविण्यात आले. हजारो सैनिक असे हवेतून बांधावर उतरले! ओसाड माळावर तंबू ठोकून त्यांनी आपली वसाहत उभी केली आणि तिचे नाव ठेवले हिंदनगर.

"पोरा," आबा मला सांगत, "लढाईत एक बरं असतंय, दुश्मन समोर असतोय. तिथं दुश्मन कुणीकडंच नव्हता, आन् सगळीकडंच हुता."

याचा अर्थ मला पुष्कळ पुढे उमगला. एका बाजूने बावीस हजार सहाशे चार कैदी भारतीय दलाच्या हवाली झाले. त्यांत चौदा हजार सातशेच्या वर चिनी होते, बाकीचे कोरियन. दुसऱ्या बाजूने तीनशे एकोणसाठ आले. त्यांत तेवीस अमेरिकन आणि एक ब्रिटिश. काटेरी तारांच्या एकेका कोंडवाड्यात शेकडो माणसे. त्यांच्यातच कडवे पुढारी होते आणि त्यांचा धाक असा की परत जाण्याचा विचार ज्याच्या मनात येई त्याने रात्री डोळा मिटू नये. भारतीय जवान दिसला की आतून दगड येत, शिव्या येत. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेले आणि अडकवून ठेवले. बाहेर जवान बंदुका रोखून उभे. एक गोळी सुटली असती तर शेकडो माणसे मेली असती, आणि कदाचित युद्धही पुन्हा पेटले असते. तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या घोळक्यात शिरले, बोलत राहिले, आणि आपल्या अधिकाऱ्याला घेऊन बाहेर आले. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना पुढे अशोकचक्र, वर्ग दुसरा, हा सन्मान मिळाला. युद्ध न करता गाजविलेल्या शौर्याचे हे पदक मला त्यांच्या डी. एस. ओ.पेक्षा मोठे वाटते.

सारेच प्रसंग असे निभावले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी तार तोडून अंगावर येणाऱ्या जमावावर आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. आबा सारे काही सांगत, पण त्या दिवसांविषयी कधी बोलत नसत. विचारले तर तंबाखू मळीत बसत.

करारात असे होते की नव्वद दिवस दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापल्या कैद्यांना समजावून सांगावे. कैदी तंबूत यायचा. समोर त्याच्या देशाचा प्रतिनिधी, भोवती पाच तटस्थ राष्ट्रांची माणसे. ऐकून घ्यायचे आणि दोन दारांपैकी एका दाराने बाहेर पडायचे: एक घरी जाण्याचे, दुसरे न जाण्याचे. कागदावर हे किती सोपे! प्रत्यक्षात कधी कैदी बाहेर यायलाच तयार नसत, कधी समजावणारे अडून बसत, आणि नव्वद दिवसांपैकी जेमतेम दहा दिवस हे काम चालले. मुदत संपली. कैद्यांना आणखी धरून ठेवावे की सोडावे यावर दोन्ही पक्षांचे एकमत होईना. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याच हाती परत दिले. दोन्ही पक्षांनी बोल लावला. तटस्थाला दोहोंकडून बोल लागला म्हणजे त्याने काम बहुधा बरोबर केले असे समजावे.

हिशेब लागला तो असा. बावीस हजार सहाशे चारांपैकी सहाशे अठ्ठावीस मायदेशी गेले. एकवीस हजार आठशे एकोणचाळीस परत संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेकडे गेले. त्यांतील सुमारे चौदा हजार चिनी तैवानला पोहोचले. अडतीस मेले, तेरा पळाले अथवा बेपत्ता झाले. उरले शहाऐंशी. दुसऱ्या बाजूच्या तीनशे एकोणसाठांपैकी दहा घरी गेले, तीनशे सत्तेचाळीस राहिले तेथेच राहिले, आणि उरले दोन. शहाऐंशी आणि दोन मिळून या अठ्ठ्याऐंशी माणसांनी सांगितले की आम्हांला हेही नको आणि तेही नको. दोन दारांच्या तंबूत त्यांनी तिसरे दार मागितले. फेब्रुवारी १९५४ मध्ये आपले सैनिक परत निघाले तेव्हा ही माणसे त्यांच्याबरोबर जहाजाने मद्रासला आली. पुढे त्यांतील बरेच जण ब्राझील, अर्जेंटिना अशा दूरच्या देशांत गेले, काही थोडे येथेच राहिले. १९६० साली चोई इन-हुन या कोरियन लेखकाने अशाच एका कैद्यावर कादंबरी लिहिली. तिचा नायक तटस्थ देश निवडतो, पण जहाज तेथे पोहोचण्यापूर्वीच तो नाहीसा होतो. कोरियात ही कादंबरी आजही मोठ्या आवडीने वाचली जाते. मधली जागा राज्यांना परवडते. माणसाने कायमचे तेथे राहायचे म्हटले तर ती किती एकाकी असते, हे त्या लेखकाने जाणले होते.

आपल्या भाषेतला तटस्थ हा शब्द पाहा. तट म्हणजे काठ. जो काठावर उभा तो तटस्थ. वाहत्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, त्याचे धोतर कोरडे. परंतु हिंदनगरातले जवान काठावर कोठे होते? दोन काठांमधल्या धारेत ते उभे होते. काठावर उभे राहणे सोपे, कोणालाही जमते. धारेत उभे राहून कोणत्याही काठाचे न होणे हे कठीण. आपल्याकडे मेगॅस्थेनीसने फार पूर्वी लिहून ठेवले आहे की, शेजारी लढाई चाललेली असतानाही भारतातला शेतकरी निर्धास्तपणे शेत नांगरीत असतो, त्याला कोणी हात लावीत नाही. ते वर्णन सदासर्वकाळ खरे असेल असे मी म्हणत नाही. पण काही जागा, काही माणसे युद्धाच्या बाहेर ठेवावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही एवढे खरे.

थिमय्यांच्या नशिबी आणखी एक बांध लिहिलेला होता. सायप्रस बेटावर ग्रीक आणि तुर्क जमातींत १९६३ च्या डिसेंबरात दंगे उसळले तेव्हा मेजर जनरल यंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने निकोसिया शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. तिचे नाव पडले हिरवी रेषा. पुढल्या वर्षी तेथे संयुक्त राष्ट्रसंघाचे शांतिदल गेले. त्याचे पहिले सेनापती जनरल ग्यानी, दुसरे थिमय्या. १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच, कामावर असताना, हृदयविकाराने थिमय्यांचे निधन झाले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. १९७४ साली तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले तेव्हा शांतिदलाचे सेनापती होते जनरल प्रेमचंद, हेही भारतीयच. निकोसियाच्या विमानतळासाठी दोन्ही बाजू झुंजत होत्या. त्यांनी तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली असल्याचे जाहीर केले आणि मध्ये आपली माणसे उभी केली. विमानतळ कोणाच्याच हाती गेला नाही. त्यानंतर ती हिरवी रेघ सुमारे १८० किलोमीटर लांबीची पट्टी होऊन सबंध बेट दुभागून गेली. काही ठिकाणी ती कित्येक किलोमीटर रुंद, तर जुन्या निकोसियात गल्लीएवढी अरुंद. २००३ साली तिच्यात ये-जा करण्याच्या वाटा उघडल्या आणि लोक जन्मघरे पाहायला रांगा लावून पलीकडे गेले. पण पट्टी अजून आहे, आणि बांध कोरण्याची खोडही आहे. २०२३ च्या ऑगस्टात पिला गावाजवळ त्या पट्टीतून रस्ता काढण्यावरून शांतिदलाच्या सैनिकांना मारहाण झाली.

मग या पट्ट्यांनी साधले काय? माझा विचार असा आहे. अशी पट्टी शांतता आणीत नाही. ती फक्त वेळ आणते. राग आला आणि हात उगारला, तर हात पोहोचायला चार किलोमीटर जावे लागते. तेवढ्यात कोणीतरी कोणाला आवरू शकतो. कोरियात १९७६ साली एका पॉप्लरच्या झाडाची छाटणी करताना दोन अमेरिकन अधिकारी कुऱ्हाडींनी मारले गेले. पट्टीखालून खणलेली भुयारे १९७४ पासून १९९० पर्यंत चार वेळा सापडली. ज्या रेघेला रुंदी नव्हती ती पाच वर्षांत मोडली. रुंदी असलेली पट्टी सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात असे दिसते. मागे दोघांनीही सरले पाहिजे, एकट्याने नव्हे. पट्टीची मोजणी चोख असली पाहिजे. आणि तिच्यात दोहोंपैकी कोणाचाच नसलेला कोणीतरी उभा असला पाहिजे. पानमुनजोमला स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे मूठभर अधिकारी अजूनही राहतात, यातले मर्म हेच.

आणि किंमत? तीही लहान नाही. लक्षावधी कुटुंबे त्या पट्टीने तोडली. आईने मुलाला पुन्हा पाहिले नाही. आज तेथे माणूस नाही म्हणून लाल माथ्याचे क्रौंच निर्धास्त उतरतात. पण त्यांच्या पायाखालच्या मातीत लाखो सुरुंग आहेत. २०१८ मध्ये दोन्ही कोरियांचे नेते त्या रेषेवर हात धरून अलीकडे-पलीकडे गेले, काही चौक्याही पाडण्यात आल्या. जगाला वाटले, संपले. २०२३-२४ मध्ये तो करार दोन्ही बाजूंनी मोडीत काढला. युद्धविराम अद्याप युद्धविरामच आहे, त्याचा तह झालेला नाही.

आमच्या बांधाची गोष्टही अशीच. वडील आणि तात्या त्यानंतर वीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. पण कुऱ्हाड पुन्हा निघाली नाही. चार हातांच्या पट्टीत आपोआप बोरी-बाभळी उगवल्या, गवत माजले, सुगरणींनी खोपे बांधले. वडील गेले तेव्हा तात्या त्या पट्टीच्या काठापर्यंत आले, बाभळीला धरून उभे राहिले आणि मग, वीस वर्षांत पहिल्यांदा, ओलांडून आले. त्यांनी खांदा दिला. ती पट्टी नसती तर त्या दिवशी ओलांडून यायला दोघांपैकी कोणी उरला असता की नाही, कोण जाणे.

आता तात्या नाहीत आणि आबाही नाहीत. गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाचा निरोप आला. ट्रॅक्टर वळायला अडचण होते, आपले काही भांडण नाही, तर मधली पट्टी मोडून टाकू या का? मी बराच वेळ विचार केला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण भांडण नसतानाच बांध राखावा लागतो. भांडण झाल्यावर तो घालायला आबांसारखा माणूस मिळेलच असे नाही. मी कळविले, ट्रॅक्टरसाठी एक वाट मोकळी करू, झाडे राहू दे. दिवाळीला येतो, तेथेच बाभळीखाली बसून ठरवू.

त्याचा उलट निरोप आला: "वाट करू. पण फराळ आमच्या बाजूला!"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी निघणार आहे.